नवव्या भागाबद्दल दाजींचं मत

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. केस कापायचं दुकान आहे त्यांचं. त्याला लागूनच माझं कुलपं-किल्ल्यांचं. मध्ये फक्त फळ्यांची भिंत. मी दाजी म्हणतो म्हणून समोरचा बेकरीवाला दाजी म्हणायला लागला, मग दवाखान्यातला कंपाउंडर, आणि आता अख्खा रस्ता त्यांना दाजी म्हणतो. नवख्या माणसाला वाटावं, एवढ्या सगळ्यांच्या बहिणी यांनीच केल्यात की काय!

फळ्यांना फटी आहेत, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं. मी कान देऊन बसतो असं मुळीच नाही. किल्ल्या घासायची माझी कानस चालू असली की काही ऐकू येत नाही, थांबली की येतं. आता ती मी जरा जास्तच वेळा थांबवतो, असं ताईचं म्हणणं आहे. तिच्या म्हणण्याकडे मी लहानपणापासून लक्ष देत नाही.

दाजींच्या दुकानात एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी एक लांब बाक. खुर्चीच्या डाव्या हाताला भिंतीत दोन खिळे. एका खिळ्यावर जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे टोचलेले असतात. दाढी करताना वस्तऱ्यावर जमलेला फेस पुसायला दाजी न बघता हात लांब करतात, एक तुकडा ओढतात, पुसतात आणि खाली टोपलीत टाकतात. दुसऱ्या खिळ्यावर सुतळीने बांधलेलं पुस्तक लटकत असतं. सुतळी बाकापर्यंत पोचेल एवढी लांब, दाराबाहेर जाणार नाही एवढी आखूड. दुसरा भाग कोणीतरी लांबवला, तेव्हापासून ही व्यवस्था.

पुस्तकं टिटवीची. टिटवी हे एका अवकाशयानाचं नाव. त्याची कप्तान एक बाई, आणि ही बाई पहिल्या भागात घरातून निघाली ती एकेक तारा मागे टाकत पुढेच चालली आहे. वाटेत वादळं, चाचे, दोन डोक्यांचे प्राणी, बंड. मी पहिला भाग अर्धा वाचला आणि सोडला. भांडायला आपल्या रस्त्यावर जागा कमी आहे म्हणून माणसं इतक्या वर जातात का? पण हे माझं मत झालं, आणि त्या दुकानात माझ्या मताला कोणी विचारत नाही.

ही पुस्तकं पाठवायची मुंगी. मुंगी म्हणजे ताई-दाजींची एकुलती एक मुलगी. साखरेचा डबा कितीही उंच फळीवर ठेवा, ही पोचायची, म्हणून मुंगी. आता ती मोठ्या शहरात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. नवा भाग आला की आधी स्वतः वाचायची आणि मग पोस्टाने बापाच्या दुकानात धाडायची.

बाकावर बसणारा प्रत्येक जण आपला नंबर येईपर्यंत वाचतो. नंबर आला की गळ्याभोवती गुंडाळायच्या कागदी पट्टीचा तुकडा खूण म्हणून पानात ठेवतो आणि त्यावर स्वतःचं चिन्ह काढतो. बेकरीवाल्याचा पाव, कंपाउंडरची बाटली. चार-पाच महिन्यांत पुस्तकाला चारी बाजूंनी पट्ट्या फुटतात. महिन्याला एकदा केस कापून घेणाऱ्या माणसाला एक भाग संपवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पण मत द्यायला कोणी शेवटापर्यंत थांबत नाही. ज्याने जेवढं वाचलं तेवढ्यावर मत, आणि बेकरीवाला तर न वाचलेल्या भागावरही छातीठोक बोलतो.

आणि दाजी? दाजींनी एकही भाग वाचलेला नव्हता. दोन्ही हात दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यात, संध्याकाळी डोळे थकलेले. त्यांना टिटवी सगळी ठाऊक होती ती गिऱ्हाइकांच्या तोंडून. कोणी मेलं की त्यांना खुर्चीतून कळायचं, कोणाचं लग्न झालं की बाकावरून. ऐकत ऐकत ते मान डोलवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी मुंगीचा फोन आला की तेच मत, तेच शब्द, स्वतःचं म्हणून द्यायचे ठोकून.

यात लबाडी होती का? होती. पण मी ती कधी उघड केली नाही, कारण मला आधीचे फोन आठवत होते. “बरी आहेस ना?” “बरी आहे.” “जेवलीस?” “जेवले.” “मग... आईला देतो.” एवढ्यावर बापलेकीचं बोलणं संपायचं. एकमेकांवर जीव, पण बोलायला काही सुचायचं नाही. टिटवी आल्यापासून फोन ताईच्या हातात जाईना. “अगं, त्या चाच्याला सोडायला नको होतं तिने!” असं दाजी ओरडायचे, पलीकडून मुंगी ओरडायची, आणि ताई स्वयंपाकघरातून ओरडायची की मलाही माझ्या मुलीशी बोलू द्या. मला ते घर तेव्हा फार आवडायचं.

नववा भाग आला तेव्हा मुंगीने एक अट घातली. “बाबा, हा तुम्ही स्वतः वाचा. पोस्टमास्तरांचं मत नको, कंपाउंडरकाकांचं नको. शेवटचं पान वाचून झालं की मला सांगा, कप्तानबाईने केलं ते बरोबर की चूक.”

“हो, हो,” दाजी म्हणाले. पुस्तकाचं मागचं पुठ्ठं पोस्टात सैल झालेलं होतं. दाजींनी ते दाबून बसवलं, सुतळी बांधली आणि पुस्तक खिळ्याला लावलं.

नववा भाग सगळ्यात आधी संपवला तो पोस्टमास्तरांनी. पोस्टमास्तर निवृत्त आहेत. डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, तरी रोज येतात आणि बाकाचं ते टोक त्यांचंच. त्या सकाळी त्यांनी पुस्तक फाटकन मिटलं.

“हा काय प्रकार आहे? एकीकडून अनोळखी ताऱ्यावरून हाक आलीय, दुसरीकडून घरच्या बंदराचा निरोप आलाय. बाईने सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला, आणि संपलं! वाचकाला असं टांगून ठेवतात? दहावा भाग खपवायचे धंदे आहेत हे!”

“अहो, त्यातच तर मजा आहे,” कंपाउंडर म्हणाला. त्याला कोणतंही पुस्तक मागून वाचायची खोड, त्यामुळे शेवट त्यानेही पाहिला होता. “विचार करा ना तुम्ही, ती कुठे जाईल!”

“त्यात विचार कसला? पुढे जाणार. एवढं नऊ भाग लांब जाऊन परत फिरायचं म्हणजे आधीचं सगळं पाण्यात. परत फिरली तर मी ही पुस्तकं वाचायची बंद करीन.”

“मी तर पुस्तक भट्टीत घालीन,” बेकरीवाला म्हणाला. त्याच्या पावाची पट्टी तेव्हा पहिल्या पन्नास पानांतच अडकलेली होती.

दाजी कात्री चालवत मान डोलवत होते. त्यांचं मत तयार झालं.

सुट्टीच्या दिवशी मी ताईकडेच जेवायला होतो. फोन आला. दाजींनी तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर ठेवला.

“बाबा, नववा वाचलात? स्वतः?”

“स्वतः. तुझी शपथ!”

“शेवटचं पानसुद्धा?”

“अगं, सगळं.”

“मग? तिने केलं ते बरोबर वाटलं?”

दाजींनी खाकरून घसा साफ केला. “हे बघ, तिने पुढेच जायला हवं. नऊ भाग लांब जाऊन परत फिरायचं म्हणजे आधीचं सगळं पाण्यात. परत फिरणारीचं पुस्तक मी तरी पुन्हा हातात घेणार नाही.”

मग मुंगी म्हणाली, “बरं बाबा. आईला द्या.”

दाजींना काही खटकलं नाही. मत झोकात दिलं, या आनंदात त्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला. मला मात्र ते “बरं बाबा” घशाखाली उतरेना.

पुढच्या सुट्टीला मुंगीचा फोन आला नाही. ताईने लावला, तर “कामात आहे” म्हणाली. नंतर आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, दुकान भरलेलं असताना, ताई पदर खोचून दारात उभी राहिली. खुर्चीत बेकरीवाला, एक गाल झालेला, एक फेसात.

“अहो, काय बोललात तुम्ही तिला?”

“मी? कुठे काय?”

“इथल्या इस्पितळात नवी प्रयोगशाळा निघतेय. त्यांनी तिला बोलावलंय. ती यायचं म्हणत होती, मला गुपचूप सांगितलंही होतं. आणि आता म्हणते, कंपनीच्या समुद्रापलीकडच्या शाखेत जाते. सोमवारी दोन्हीकडे कळवायचंय तिला. म्हणते, परत आलेली बाबांना चालणार नाही.”

“असं मी कधी म्हणालो?” दाजींचा आवाज चढला.

“म्हणालात! त्या पुस्तकाबद्दल बोलताना म्हणालात. तिला तेच विचारायचं होतं तुम्हाला, एवढंही कळलं नाही? एरवीही गिऱ्हाइकांना सांगत असता ना, आमची पोर लांब गेली, लांब गेली. तिला वाटतं तुम्हाला तेच हवंय.”

कानस माझ्या हातात तशीच राहिली. दाजी एरवी ताईला उत्तर दिल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बेकरीवाल्याचा दुसरा गाल अगदी नीट पूर्ण केला, तोंड पुसून दिलं, बाकावरच्यांना हात जोडले, दाराला ‘बंद’ची पाटी लावली. मग खिशातून चष्मा काढून लावला, सुतळीचं पुस्तक घेतलं आणि स्वतःच्या बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

“दाजी, त्यापेक्षा तिला सरळ फोन करा ना,” मी फटीतून म्हणालो.

“काय सांगू फोन करून? मत बदललं? कोणाचं मत बदललं? माझं मत होतंच कुठे!” ते चिडून म्हणाले. “मला आधी वाचू दे.”

ते ओळीखाली बोट धरून वाचत. पुढचे दिवस दुकान थोडा वेळ उघडं आणि पुष्कळ वेळ बंद. लोक पाटी बघून कुरकुरत परत जात, केस वाढलेले तसेच. मी चहा नेऊन द्यायचो, तो गार व्हायचा. मधूनच फळीवर टकटक. “अरे, हा म्हातारा यंत्रवाला कधीपासून यानात आहे?” “चौथ्या भागापासून,” मी सांगायचो, कारण न वाचता मलाही सगळं ठाऊक झालं होतं. एकदा तर पलीकडून मोठ्याने हसू आलं. “एवढी माणसं इतकी वर्षं यानात कोंडलेली, आणि एकानेही केस कापल्याचा उल्लेख नाही! दाढ्या गुडघ्याला लागल्या असतील.” काळजीपोटी वाचायला बसलेला माणूस वाचता वाचता रंगला होता. बंडाच्या प्रकरणात तर ताईने जेवायला दोनदा हाक मारली तरी उठेनात.

रविवारी दुपारी त्यांनी फळीवर जोरात थाप मारली. “इकडे ये. लवकर.”

मी गेलो. पाठोपाठ पोस्टमास्तरही आत आले, कारण बंद पाटी त्यांना लागू आहे असं ते मानत नाहीत. दाजींनी पुस्तक शेवटी उघडून धरलं होतं. बाईचा हात दांड्यावर, वाक्य पूर्ण, खाली पान संपलेलं. आणि त्यापुढे, शिवणीजवळ, फाटलेल्या पानाची बोटभर कड.

“टांगून ठेवलेलं नाही,” दाजी म्हणाले. “आणखी एक पान होतं.”

त्यांनी खिळ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एकावर वर्तमानपत्राचे तुकडे, शेजारच्याच खिळ्यावर पुस्तकाची जागा, आणि पुठ्ठं सैल. दाजींचा हात आपोआप तिकडे गेला, न बघता, रोज जातो तसा, आणि हवेत थांबला.

“फेस पुसला मी त्याच्यावर,” ते म्हणाले आणि मटकन बाकावर बसले.

पोस्टमास्तरांनी पुस्तक जवळ ओढून ती कड बोटाने चाचपली. “म्हणजे मी जे इतके दिवस...” एवढंच म्हणाले. चारचौघांत मांडलेलं मत अपुऱ्या पुस्तकावरचं निघालं, हा त्यांना धक्काच होता. पण लगेच सावरून ते म्हणाले, “वाचनालय आज बंद असणार. आपण अंदाज बांधू या. तुम्ही तिला सांगा की—”

“मास्तर, पाया पडतो,” दाजी म्हणाले. “आता तुम्ही काही सांगू नका.”

त्यांनी मुंगीला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर करून आरशासमोरच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवून ठेवला. मी बाहेर जायला हवं होतं, गेलो नाही.

“मुंगे, मी खोटं बोललो. शपथ घेऊन खोटं बोललो. आधीचा एकही भाग मी वाचलेला नाही. हा पहिलाच. आत्ता वाचला, आणि शेवटचं पान दाढीच्या फेसात गेलंय. त्यात काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं गं. तू वाचून दाखव.”

पलीकडून हसू ऐकू आलं, थोडं रडल्यासारखं. “बाबा, मला माहीत होतं. तिसऱ्या भागाबद्दल तुम्ही एकाच फोनवर दोन उलटी मतं दिली होतीत. त्या आठवड्यात खुर्चीत कोण कोण बसून गेलं ते मला इथे कळायचं. मला आवडायचं ते. पण या वेळी शपथ घेतलीत ना, म्हणून खरं वाटलं.”

“वाच,” दाजी म्हणाले.

“पुस्तक तुमच्याकडे आहे. पण मी ते पान इतक्या वेळा वाचलंय, सांगते.”

आणि तिने सांगितलं. कप्तानबाई दांडा घराकडे वळवते. टिटवी उतरते, ती एकटीच धुळीतून चालत घरापाशी येते. दाराशी खुर्ची टाकून तिचा बाप बसलेला आहे. निरोप पोचलाय, तिची वाट बघत बसलाय, आणि बसल्या बसल्या झोपी गेलाय. ती त्याला उठवत नाही. शेजारी जमिनीवर बसते. संपलं.

पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं. दाजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांचे डोळे भरले होते, पण कपाळावर आठी होती.

“कसं वाटलं, बाबा?” मुंगीने हळूच विचारलं.

“ती परत फिरली ते बरोबर केलं. एकदम बरोबर. पण शेवट चुकलाय.”

“चुकलाय?”

“बाप झोपणार नाही. शक्यच नाही! नऊ भाग पोर बाहेर, येते म्हणून निरोप आलेला, आणि हा खुर्चीत झोपतो? त्या लेखकाला मुलगी नसणार.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मी झोपलो नसतो. मला तू इथे हवी आहेस, मुंगे. लांब गेलीस त्याचा अभिमान होता, म्हणून सगळ्यांना सांगत होतो. पण तू नसलीस की घर ओकंबोकं वाटतं. हे माझं मत आहे. मास्तरांचं नाही.”

मी उठलो आणि माझ्या दुकानात जाऊन एक चांगली किल्ली उगाच घासत बसलो. डोळ्यांत किल्लीचा कीस गेला असावा.

सोमवारी मुंगीने इस्पितळाला होकार कळवला.

ती यायच्या दिवशी बस सकाळची होती. दाजींनी दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक घेतलं नाही. फिरती खुर्ची आरशाकडून रस्त्याकडे वळवली आणि त्यात बसले, नवा सदरा, दाढी स्वतःची स्वतः केलेली. बाकावर पोस्टमास्तर आणि कंपाउंडर. बेकरीवाला दर थोड्या वेळाने पिठाचे हात घेऊन समोरून विचारायचा, “आली का?” बस कुठे तरी बंद पडली होती. दुपार झाली. ताईने डबा पाठवला, दाजी जेवले. आदल्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे ताईने मला आधीच सांगितलं होतं.

रिक्षा थांबली तेव्हा मी बाहेर आलो. मुंगी बॅगा घेऊन उतरली, मला मिठी मारली, “मामा, केवढे केस वाढलेत तुमचे!” म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर चढून तिथेच थबकली.

दाजी खुर्चीत मान कलती करून गाढ झोपले होते. तोंड थोडं उघडं. पोस्टमास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. मुंगीने चपला काढल्या, बाकावर पोस्टमास्तरांनी सरकून दिलेल्या जागेत बसली आणि बापाकडे बघत राहिली. मत द्यायची एवढी संधी, पण ते दुकान पहिल्यांदाच गप्प होतं.

बऱ्याच वेळाने दाजींनी डोळे उघडले. समोर मुंगी. ते तिच्याकडे बघत राहिले, मग बाकावरच्या सगळ्यांकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

“कधी आलीस?”

“झाला थोडा वेळ.”

“उठवायचं नाही का मग?”

मुंगी नुसती हसली. दाजींनी हातांनी तोंड पुसलं, केस सारखे केले, आणि तिची बॅग उचलायला उठताना म्हणाले, “त्या लेखकाला मुलगी असणार.”